कुमुद मॅडम आणि लाळेच्या बाटल्या

स्वतःच्याच थुंकीला माणूस किती घाबरू शकतो, हे मी कुमुद मॅडमच्या घरी पाहिलं.

आज सकाळी नागपुरात मॅडमचं निधन झालं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तुमसर तालुक्यात नर्स होते, नवीनच लागलेली. मॅडम डॉक्टर, रिसर्च करायच्या.
विषय ऐकून मला हसूच आलं होतं. धडधाकट माणसांची लाळ!

तापात ओठावर फोड येतात ना, त्या हर्पिसचा विषाणू चांगल्या माणसाच्या लाळेतूनही अधूनमधून बाहेर पडतो. किती वेळा, किती प्रमाणात, ते मॅडमना मोजायचं होतं.
म्हणून त्याच लोकांकडे पुन्हा पुन्हा जायचं, बाटलीत लाळ घ्यायची, बर्फात ठेवून नागपूरच्या लॅबला पाठवायची.

आंबागडला एक काकू दारातच अडल्या.
"मले तं काईच झालं नाई जी. मंग माह्या थुकाचं काय करता? थुकावर करणी करतेत."
दार अर्धं लोटूनच बोलत होत्या.

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांच्यासमोर स्वतः एका बाटलीत थुंकल्या.
"हे माझं. तुमच्या बाटलीसोबतच जाईल."
मग मीही लाळ दिली, आणि काकूंनीही.

मॅडम तेव्हा पोटुशी होत्या. दिवस भरत आलेले.

रिपोर्ट आला तोवर त्या तुमसरला माहेरी बाळंत झाल्या होत्या. मुलगी झाली. लॅबचा निरोप मीच घेऊन गेले.
मॅडमच्या लाळेत विषाणू सापडला होता.

मांडीवरची पोर त्यांनी लगेच आईकडे दिली.
"सिस्टर, इतक्या लहान बाळाला हा झाला तर मेंदूत जातो. जगत नाहीत गं बाळं."

माझ्या बाटलीचं काय निघालं, हे लॅबला विचारायची माझी हिंमतच झाली नाही. माझाही मुलगा लहान होता.

पुढच्या खेपेला गेले तर मॅडम कोपऱ्यात, तोंडावर पदर बांधून. त्यांची आई चमच्यानं गाईचं दूध पाजत होती.
"पोरीले अंगावर घेतच नाई वो ही. काय करू मी?"

मी बाळाला हात लावला. अंग तापलेलं. ओठ कोरडे. रडायचीही ताकद नव्हती.

मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "माझ्यामुळे."

जीप करून भंडाऱ्याला निघालो. बाळ माझ्या मांडीवर. मॅडम मागे, शक्य तितक्या लांब. मी सारखा बाळाच्या नाकासमोर हात धरत होते. श्वास चालतोय ना?

मुलांच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली.
"लघवी कधी केली होती?"
कोणालाच सांगता येईना.
"अहो, हे बाळ उपाशी आहे. पाणी कमी पडून ताप आलाय."

मॅडमनी पदराआडूनच विषाणूचं सांगितलं.

"तुमच्या अंगात तो लहानपणापासून असणार. त्याच्याशी लढायची ताकद बाळाला पोटातच मिळाली तुमच्याकडून. आज ओठावर फोड आहे का? नाही ना? मग पाजा. मी लक्ष ठेवतो."

बाळाला मीच मॅडमच्या छातीशी धरून ठेवलं.
लागली एकदाची ओढायला.

संध्याकाळपर्यंत ताप उतरला. डॉक्टरांनी तरी ठेवून घेतलं. तोंडावरचा पदर मॅडमनी घरी सोडायच्या दिवशी काढला.

काम पुढेही चाललं. पोर रांगायला लागल्यावर मॅडम तिला घेऊन बपेऱ्याला आल्या.
तिथे एका बाईनं विचारलं, "ज्याच्यात सापडते, त्याच्या लेकराचं काय होते, बाई?"

मॅडमनी मुलीला उचलून त्या बाईच्या मांडीवर दिलं.
"माझ्यात सापडलंय. ही माझी लेक."

मॅडम, सुखानं जा.
तुमच्या सिस्टरचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.