उलटा धरलेला फोटो

सरांनी फोटो उलटा धरला आणि विचारलं, “होईल?”

सुभानपुऱ्यातल्या त्यांच्या स्टुडिओत हीच पद्धत होती. लोकांच्या नकळत काढलेल्या फोटोंवरून सर मोठी चित्रं करायचे. कुठल्या फोटोचं चित्र होईल ते सांगायचं काम माझं. फोटो उलटा धरला की माणूस दिसत नाही. नुसता उजेड, अंधार, आणि वजन कुठे पडलंय ते दिसतं. मी डोळे बारीक करून बघायचे आणि एका शब्दात सांगायचे. फार बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम आवडायचं.

त्या दिवशी पाहुणे आले होते. मी फोटो पाहिला. एका बाजूने कडक ऊन, एक जड तिरका आकार.

“होईल,” मी म्हणाले.

सरांनी फोटो सुलटा केला. माझे बाबा. प्लास्टिकच्या खुर्चीत झोपलेले. मान मागे, तोंड उघडं, टोपी मांडीवर.

सगळे हसले. सरांच्या वहिनी सर्वांत जास्त. फोटो त्यांनीच काढला होता, कारेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीच्या गेटवर. “आमचा वॉचमन. चार हॉर्न दिले तरी हा असाच. मी ग्रुपवर टाकला फोटो. कमिटीने माफीनामा लिहून घेतला.”

एक पाहुणे गुजरातीत म्हणाले, “आने तो फ्रेम करावो, साहेब.” याला तर फ्रेमच करून घ्या.

पुन्हा हसले. सर म्हणाले, “बघा, हिने चेहरा न बघता ओळखलं.”

मी चहाचे कप उचलून आत गेले. हे लिहिते, कारण सरांचा अपराध सांगताना माझा लपवायचा नाही. इंग्रजी शाळेत बारा वर्षं मी ‘फादर सिक्युरिटीत आहेत’ एवढंच सांगितलं. पालकसभेला आई यायची. बाबा युनिफॉर्मवर येतील या भीतीने मीच तसं ठरवलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी म्हणाले, “सर, ते माझे बाबा आहेत. हे चित्र नका करू.”

सर फोटोकडेच बघत होते. “अगं, आता तो तुझा बाबा नाही. आकृती आहे. आणि ‘होईल’ कोण म्हणालं?” मग सांगितलं की उद्या सहा फुटी कॅनव्हासवर चौकोन आखून रेखाटन उतरवून ठेव.

नागरवाड्यात घरी आले तेव्हा बाबा जेवत होते. माफीनाम्याचं विचारलं. आईलाही माहीत नव्हतं.

“बदली माणूस आला नाही, बेटा. लागून दुसरी पाळी केली.” मग म्हणाले, “तोंड उघडं होतं का?”

मी हो म्हणाले. पुढचा घास त्यांनी फार हळू चावला.

आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. सरांचे त्याच संस्थानच्या कचेरीत. सर हे प्रत्येक कॅटलॉगमध्ये छापतात. बाबा कुणाला सांगणार, गेटला?

दुसऱ्या दिवशी मी चौकोन आखले. बाबांची हनुवटी कुठल्या चौकोनात येते ते मोजलं. कोळसा खाली ठेवला.

“मी हे काढणार नाही,” मी म्हणाले.

सर हसले. “नको काढू. हात दुसरा मिळेल. डोळा मात्र तुझाच लागेल.”

सरांच्या एका विद्यार्थ्याने बाबांना कॅनव्हासवर उतरवलं. मी नोकरी सोडली नाही.

पुढच्या आठवड्यात सरांनी नवा फोटो धरला. मंगळबाजारात बांगड्या घेणारी बाई. समोरून फ्लॅश, सावली नाही, फोटोच्या कडेने हात मनगटाशी कापलेले, शरीर कुठेच टेकत नव्हतं. मेलेला फोटो. “होईल,” मी म्हणाले. मग पतंगाचा गुंता सोडवणारा म्हातारा. होईल. लग्नातला वाढपी. होईल. ज्यांचं खरंच चित्र झालं असतं त्यांना मी नाही म्हणत गेले.

चार महिने सर प्रेतांना रंग देताहेत. मध्येच ब्रश थांबतो. “काहीतरी बसत नाहीये गं.”

“बसेल, सर.”

मला वाईट वाटत नाही. वाटेल म्हणून वाट पाहिली. नाही वाटलं.

हिवाळ्यात प्रदर्शन आहे. त्या भिंतींवर एकच चित्र जिवंत असेल, बाबांचं. बाकीची का पडली असं जाणकार विचारतील तेव्हा सर माझ्याकडे बघतील. मी बोलणार आहे. शाळेत शिकवलेल्या स्वच्छ इंग्रजीत, एकेका चित्रापुढे उभी राहून. प्रत्येक फोटो मेलेला आहे हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं, हेही सांगणार आहे. आणि ते कुणाच्या मुलीने निवडले, ते वहिनींकडे बघून सांगणार आहे.

बाबांची नोकरी जाऊ शकते, म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी बुटांचं पॉलिश संपवलं.

“आडनावासकट सांग,” म्हणाले.

सांगणार आहे.