कानसेनांनी बद्द ठरवलेली नाणी

अजून माझा विश्वास बसत नाही. आठवलं की राग येतो. कुणाचा ते विचारू नका, रोज वेगळ्याचा येतो.

आमचे हे लिलावघरात नाणी पारखायचे. लिलावघर म्हणजे फार काही भारदस्त नाही. पुढे घडीच्या खुर्च्यांचं दालन आणि मागे जिन्याखाली यांची खोली. तिथे एक टेबल, त्यावर हिरवं कापड, दिवा, भिंग आणि सोनाराच्या काट्यासारखा छोटा तराजू. जुनी इंग्रजी चांदीची नाणी हा यांचा प्रांत. क्राउन, हाफ क्राउन, शिलिंग. राणीचं तरुणपणीचं डोकं कुठल्या नाण्यावर आणि म्हातारपणी पदर घेतलेलं कुठल्या, हे यांना झोपेतून उठवून विचारा. माझा वाढदिवस मात्र दरवर्षी मीच आठवण करून द्यायची.

नाव झालं ते कानामुळं. हे नाणं बोटाच्या टोकावर तोलायचे, पेन्सिलीनं कडेला हलकीशी टिचकी द्यायचे आणि डोळे मिटायचे. चांदी खरी असली की नाणं बराच वेळ गुणगुणतं. खोटं असलं की बद्द. "वजन कुणीही जमवतो, चित्र कुणीही उठवतो. आवाज जमवून दाखव म्हणावं!" हे यांचं ठरलेलं वाक्य. लिलावघरात सगळे त्यांना कानसेन म्हणायचे, आणि हे वरवर नको नको म्हणत मनातून फुगायचे. यांनी होकार दिला की मालक डोळे झाकून नाणं लिलावात घालायचा. हे किंमत सांगायचे आणि हातोडाही तिच्याच आसपास पडायचा.

गेली दोनेक वर्षं मात्र घरी आले की कुरकुर सुरू. "काय बाजार झालाय! निम्मा माल नकली. लोकांनी लाजलज्जा सोडलीय अगदी." मी म्हणायची, "जग बिघडलंय, तुम्ही हातपाय धुऊन घ्या." मालक तर खूश, असा कडक पारखी शोधून सापडायचा नाही म्हणून. ज्यांची नाणी हे परत करत, ती माणसं मान खाली घालून निघून जायची.

मग दादा गेले. दादा म्हणजे यांचे थोरले भाऊ, बसगाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात फिटर. नाण्यांचं वेड यांना लावलं ते त्यांनीच. हातात पगार आला की त्यातला मोठा घास नाण्यांचा. वहिनींनी, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, एकाच कोटावर कितीतरी हिवाळे काढले. त्या तडकल्या की दादा म्हणायचे, "अगं, मी नसेन तेव्हा हीच तुझी तरतूद. एकेक नाणं पारखून घेतलंय मी." चपटी लाकडी पेटी, आत मखमलीच्या खाचा, प्रत्येक खाचेत एक नाणं. यांनी ती नाणी कितीदा पाहिली असतील, पण कधी वाजवून पाहिली नाहीत. थोरल्या भावाचं नाणं वाजवायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखंच की.

लिलावाला द्यायची म्हणून वहिनी ती पेटी यांच्या खोलीत घेऊन गेल्या. यांनी दार लावलं, एक नाणं वाजवलं, कपाळाला आठी पडली. दुसरं वाजवलं. असं करत पेटी संपवली. मग म्हणाले, "वहिनी, यात चांदी नाही. सगळी बद्द आहेत." वहिनींनी विचारलं, "म्हणजे त्यांना कुणी फसवलं?" तर हे काय म्हणाले असतील? "एखाददुसऱ्यात माणूस फसतो. इतकी सगळी म्हणजे दादाला ठाऊकच असणार."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा यांनी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिथल्या तिथे जीभ हासडली असती यांची. घरी आले ते पांढरेफटक. जेवले नाहीत. "दादा असा निघाला," एवढंच म्हणत बसले.

वहिनी आमच्याकडे फिरकेनाशा झाल्या. फोन उचलत नव्हत्या. मी गेले तर दार अर्धवट उघडून "बरी आहे मी" म्हणाल्या. त्या फटीतून भिंत दिसली. दादांचा फोटो नव्हता, नुसता खिळा होता. विचारायची हिंमत झाली नाही.

एका रविवारी दुपारी आम्ही चहा घेत होतो. वहिनी आल्या, बसल्या नाहीत. पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर असं आदळलं की कप नाचले. कागद सुटला. आत एक ओबडधोबड लगड, पांढरी, जड.

"हे काय?" यांनी विचारलं.

"तुमच्या दादांची नाणी," वहिनी म्हणाल्या.

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. पेटी डोळ्यांसमोर नको झाली होती म्हणून त्यांनी नाणी गल्लीतल्या ओतकामवाल्याकडे नेऊन टाकली. तो दाराच्या मुठी आणि कड्या ओततो. वितळवून काय करायचं ते करा म्हणाल्या. त्यानं ती मुशीत घातली. ओतल्यावर त्याला शंका आली, त्यानं तपासून घेतली आणि बिचारा धावत लगड घेऊन वहिनींच्या दारात आला. मुशीत मावलं नाही म्हणून एक नाणं राहिलं होतं, तेही घेऊन आला.

"तो म्हणाला, बाई, ही अस्सल चांदी आहे, नकली म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?" वहिनी यांच्याकडे बघत होत्या. "सांगा भावजी, कुणी सांगितलं?"

"शक्यच नाही," हे म्हणाले. वहिनींच्या हातातलं ते उरलेलं नाणं यांनी घेतलं, बोटावर तोललं, टिचकी मारली, डोळे मिटले. "ऐका. बद्द! ऐकलंत ना?"

बाई गं! खोलीभर आवाज. बारीक, स्वच्छ, संपता संपत नव्हता.

"अहो, बद्द काय? वाजतंय की! अजून वाजतंय!"

"थट्टा पुरे."

"कसली थट्टा? वहिनींना विचारा."

"मलाही येतंय ऐकू," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशीही येत होतं. प्रत्येकाचं येत होतं. मला वाटलं, खोटी नाणीही अशीच वाजत असतील. तुमच्यासमोर मी काय बोलणार?"

हे उठले, कपाटातून स्वतःचं नाणं काढून आणलं. पदर घेतलेल्या राणीचा क्राउन, आमच्या लग्नाच्याही आधी घेतलेला. खऱ्या चांदीचा आवाज कसा, हे यांचे कान त्याच्यावरच शिकले होते. त्याला कशाला वाजवायचं म्हणून वर्षानुवर्षं वाजवलंच नव्हतं. आता वाजवलं. आणि डोळे मिटायचे सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"वाजतंय?"

"वाजतंय हो."

"अजून?"

"अजून."

मी यांना आजारात पाहिलंय, भावाच्या मरणात पाहिलंय. असा चेहरा कधी पाहिला नव्हता. नाणं कपाशेजारी ठेवून खाली बसले. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, वय झालं की बारीक आवाज आधी जातात, समोरासमोरचं बोलणं येत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मला तरी कसा लागावा? नवऱ्याला ऐकू येत नाही ही काय बातमी आहे? मी काही सांगितलं की यांना ऐकू न येणं हे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनचं! पण ती माणसं, मान खाली घालून गेलेली, कितीजण असतील हो? आणि त्यांची नाणी खरीच असतील!

"वहिनी," हे म्हणाले. "मी भरून देतो. प्रत्येक नाण्याची लिलावातली किंमत मी..."

"किंमत लावू नका भावजी, हात जोडते," वहिनी म्हणाल्या. "ते जन्मभर सांगत होते, ते मी मानलं नाही. तुम्ही एकदा म्हणालात, ते मानलं. मेलेल्या माणसाला उठता-बसता शिव्या घातल्या हो मी! फोटो माळ्यावर अडगळीत फेकलाय. आता त्यांना काय सांगू? कुठे जाऊन सांगू?"

त्यांनी ते एक नाणं उचललं. लगड टेबलावरच राहू दिली. हे धडपडत उठले. "मी येतो वहिनी. फोटो मी लावतो. माझ्या हातानं लावतो."

वहिनी दारात पाठमोऱ्या वाकून बूट घालत होत्या. मान वर न करता, हळूच म्हणाल्या, "तुम्ही आमच्या घरी परत येऊ नका." आणि गेल्या.

हे मात्र एका बाहीत हात घालून कोटाची दुसरी बाही शोधत होते.

"काय म्हणाल्या गं?" मला विचारलं. "येऊ ना?"

मला ते मोठ्यानं परत सांगावं लागलं.