भरल्या सभेत नऊ आणि नऊ

गुलाब बनसोडे नळदुर्गच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होता आणि त्यानं घरी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर बनवला होता. यातलं पहिलं लोकांना पटायचं. दुसरं ऐकून ते टँकर आला का हे बघायला दाराकडं वळायचे. सत्त्याऐंशी साल होतं, लागोपाठचा दुष्काळ. बोरी नदीच्या पात्रातून ट्रक वाळू भरून जायचे आणि त्याच वाटेनं टँकर पाणी घेऊन यायचे. कॉम्प्युटरवर हसायलाही लोकांच्या तोंडात ओल नव्हती.

कॉम्प्युटर म्हणजे तरी काय, तर पत्र्याच्या ट्रेवर बसवलेला एक हिरवट बोर्ड, मोडक्या कॅल्क्युलेटरची बटणं आणि सहा लाल आकडे. टेलिफोनच्या केबलचे फेकून दिलेले तुकडे सोलून गुलाबनं सगळी जोडणी केली होती. निळी तार, केशरी तार, पिवळ्यावर काळी रेघ असलेली तार. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी गोधडी शिवायला घेऊन अर्ध्यात सोडली आहे.

असंच दुसरं मशीन अणदूरला शिवशरणकडं होतं. हा गुलाबचा उस्मानाबादच्या आयटीआयमधला बेंचवरचा सोबती. त्याचे वडील रेवणप्पा साखर कारखान्याचे संचालक, त्यामुळं शिवशरणच्या मशीनला सागवानी पेटी होती, तिच्यावर सनमायका होता आणि सुताराला त्याच्या कामाची पावती मिळाली होती ती, "हार्मोनियम बरी झालीय," अशी. दोघांनी एकाच इंग्रजी मासिकातली एकच आकृती बघून मशीनं बांधली होती. म्हणूनच दोघांना आपलं मशीन वेगळं वाटत होतं.

रविवारी ते गुलाबच्या पडवीत बसायचे. सास्तूरहून रेडिओ दुरुस्त करणारा व्यंकट एसटीनं यायचा. त्याचं मशीन अजून कागदावरच होतं, पण चर्चेत कायम पुढं असायचं, कारण कागदावर काही जळत नाही.

"माझी मेमरी तुझ्या दुप्पट हाय," शिवशरण म्हणायचा.

"दुप्पट मेमरी घिऊन करतो काय? त्यात ठेवायला काय हाय तुझ्याकडं?" गुलाब म्हणायचा आणि मशीनला ठेका देणारी चकचकीत डबी दाखवायचा. "माझं क्रिस्टल बघ. तुझं एक पाऊल टाकंपर्यंत माझं दीड टाकतंय."

"तुझे डाग बघ आधी. एकेक सोल्डर म्हंजी माशी बसल्यावानी."

"माझ्याला सोळा के मेमरी हाय," व्यंकट मध्येच म्हणायचा.

"कुठं हाय?"

"हितं." तो कागदावर बोट ठेवायचा, आणि त्याचं बोट खोटं नसायचं.

पण या सगळ्या बोलण्याला एक उणीव होती. दोन मशीनं होती आणि मेंदू एकच होता. मशीनचा मेंदू म्हणजे एक काळी चिप, दोन्ही अंगांना वीस-वीस पाय असलेली. तिला सगळे गोम म्हणायचे. मुंबईच्या कुणा नातेवाइकाकडून एकच हाती लागली, ती दोघांनी मिळून घेतली, आणि पुन्हा काही मिळाली नाही. सुरुवातीला ती दर रविवारी या मशीनमधून त्या मशीनमध्ये जायची. एकदा काढताना तिचा एक पाय वाकला. गुलाबनं श्वास रोखून तो चिमट्यानं सरळ केला, पण दुसऱ्यांदा वाकला तर तुटणार हे दोघांनाही कळलं. मग गोम कुणी किती दिवस ठेवायची, यावरून बोलणं वाढलं, आणि शेवटी निवाडा रेवणप्पांनी केला.

"खंडोबा दोन गावांत एकच हाय का न्हाय?" ते म्हणाले. "हिवाळ्यात दोनेक म्हैने तुमच्या नळदुर्गला, बाकी आमच्या अणदूरला. पिढ्यान् पिढ्या चालतंय, कुनी कुनाचं डोकं फोडलं न्हाय. तुमी बी तसंच करा."

गुलाबच्या वडिलांनी छप्पन साली घरातले देव टोपलीत भरून बोरीत सोडले होते. आता त्यांच्या मुलाच्या मशीनचा मेंदू खंडोबाच्या तिथीनं यायचा आणि तिथीनंच जायचा. गुलाबला हे दिसत नव्हतं असं नाही. पण वर्षभर नसण्यापेक्षा दोन महिने असणं बरं, असा विचार त्यानं केला. बहुतेक श्रद्धा अशाच विचारातून सुरू होत असाव्यात.

"आज तुमची गोम यायची न्हवं?" त्याची बायको भिमाबाई विचारायची. "भंडारा उधळू का?"

"चहा ठेव."

"पानी नऊ वाजता यील. तवर तुमी गोमीला घाला आंगूळ."

गुलाबला एकच गोष्ट हवी होती. दोन्ही मशीनं एका टेबलावर, एका वेळी, एकच काम करताना बघायची आणि कुणाचं चांगलं हे एकदाचं कळून घ्यायचं. तसं त्यांनी आपापल्या मुदतीत आपापली मशीनं घड्याळ लावून मोजली होती. पण शिवशरणचा गुलाबच्या घड्याळावर विश्वास नव्हता आणि गुलाबचा शिवशरणच्या विजेवर. अणदूरच्या लाइनवर रेवणप्पांचा वेगळा ट्रान्सफॉर्मर होता. उन्हाळ्यात मोजलेलं हिवाळ्यात मोजलेल्याशी कसं जुळवायचं, हाही प्रश्न होताच. माणसाच्या आयुष्यात एवढी लहान इच्छा असावी आणि ती पुरी होऊ नये, याचं गुलाबला कधीकधी कौतुकही वाटायचं. कारण मोठ्या इच्छा त्यानं कधी करून बघितल्या नव्हत्या.

ती इच्छा पुरी केली कारखान्याचे चेअरमन आण्णासाहेब यांनी.

त्या हंगामात उसाअभावी कारखाना लवकर बंद पडला होता. वार्षिक सभा तोंडावर आली होती आणि सभासद तापले होते. उसाची गाडी गावच्या काट्यावर जेवढी भरते तेवढी कारखान्याच्या काट्यावर भरत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती. दुष्काळात ती जास्त बोचत होती. आण्णासाहेबांना सभेत काहीतरी नवीन दाखवायला हवं होतं. रेवणप्पांकडून त्यांना कळलं की आपल्याच तालुक्यात दोन कॉम्प्युटर आहेत. त्यांनी जीप पुण्याला पाठवली आणि दुसरी गोम आणवली. जे चार वर्षं दोन माणसांना जमलं नव्हतं, ते एका जीपनं दोन दिवसांत केलं. दोन्ही मशीनं सभेत चालवून दाखवायची, आणि जे चांगलं ठरेल ते कारखान्याच्या ऑफिसात मानानं ठेवायचं, असा निरोप आला.

गुलाबच्या डोक्यात ना सभा होती, ना ऊस, ना काटा. त्याला फक्त दुसरी गोम दिसत होती. त्यानं कामाचा एक तुकडा लिहिला. मशीननं शून्यापासून पासष्ट हजारांपर्यंत पुन्हा पुन्हा मोजायचं आणि ठरल्या फेऱ्या झाल्या की थांबायचं. दोघांनी एकदम बटण दाबायचं. ज्याचे आकडे आधी थांबतील त्याचं मशीन चांगलं.

"चालंल," शिवशरण म्हणाला. "हरलास तर मेमरीचं मान्य करायचं."

"तू हरलास तर ती पेटी सुताराला परत द्यायची."

सभा कारखान्याच्या आवारात, मंडपात होती. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर दोन्ही मशीनं शेजारी शेजारी. वीज सोडली तसे दोन्हींकडचे लाल आकडे उजळले. पहिल्यांदाच दोन्ही मशीनं एकाच वेळी जिवंत होती. त्यानं शिवशरणकडं बघितलं. तोही तेच बघत होता.

पण माइक आण्णासाहेबांच्या हातात होता. पासष्ट हजार ही संख्या सभेला जड जाईल असं त्यांना वाटलं.

"आधी सोपं घ्या," ते म्हणाले. "बलभीम मामा, तुमी सांगा एखादी बेरीज."

बलभीम हे पहिल्या रांगेतले म्हातारे सभासद. काट्यावरून सगळ्यात जास्त शिव्या त्यांनीच दिल्या होत्या. ते उभे राहिले आणि म्हणाले, "नऊ आन नऊ."

दोघांनी बटणं दाबली. दोन्ही मशीनांनी एकाच क्षणी उत्तर दिलं. एक आणि दोन. बारा.

पहिल्या रांगेनं तो आकडा मागं मागं पोचवला. मग बलभीम मामाच म्हणाले, "हेच मशीन आपल्या काट्यात बसीवलंय जनू." आणि सगळा मंडप हसला. कित्येक महिन्यांत लोक एवढे हसले नव्हते.

शिवशरण पुढं झाला. त्यानं माइक घेतला. "चुकलं न्हाय," तो म्हणाला. "हे मशीन दहात मोजत न्हाय, सोळात मोजतं. जुना रुपया आठवा. सोळा आण्यांचा. नऊ आणे आन नऊ आणे किती झाले?"

"येक रुपया दोन आने," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग? येक आन दोन. तेच दिसतंय. आपले अठरा म्हंजी ह्याचे येक, दोन."

इतकं चांगलं त्यानं कधी कुणाला समजावलं नव्हतं. निजामाच्या राज्यात आणे मोजलेली म्हातारी डोकी हलू लागली. बोटांच्या पेरांवर हिशोब झाले, आणि ते बरोबर निघाले. गुलाबला मित्राचा अभिमान वाटला.

आण्णासाहेबांनी माइक परत घेतला.

"बघा," ते म्हणाले. "दोन गावची, दोन माणसांनी केलेली मशीनं. दोन्ही येकच आकडा सांगतेत. यंत्राची मोजणी वेगळी, आपली वेगळी. आपल्याला कमी दिसतं, पण ते कमी नसतं. काटा बी यंत्रच हाय की. तुमी गावात मोजता तुमच्या हिशोबानं, काटा मोजतो त्याच्या हिशोबानं. आता तरी मनातली जळमटं काढा."

हे इतकं उघड खोटं होतं की गुलाबला वाटलं, आता मंडप उठेल. पण आण्यांचा हिशोब लोकांच्या बोटांवर अजून ताजा होता. ज्याला पहिलं पटलं त्याला दुसरंही पटत चाललं होतं. बलभीम मामा खाली बसले.

"मंग आपलंच चुकलं म्हना," ते शेजाऱ्याला म्हणाले. आवाजात राग नव्हता. जे कळलं नाही ते मान्य करताना माणसाचा आवाज जसा होतो, तसा होता.

"साहेब, काटा दहातच मोजतो," गुलाब म्हणाला. माइकशिवाय ते पहिल्या रांगेपर्यंतही गेलं नाही.

"काय म्हनता बनसोडे? मोठ्यानं सांगा." आण्णासाहेबांनी माइक त्याच्यासमोर धरला, पण हातातून सोडला नाही. "नऊ आन नऊचं तुमच्या मशीननं दिलेलं उत्तर बरोबर का चूक? येका शब्दात सांगा, सभेला वेळ न्हाय."

गुलाबनं मशीनकडं बघितलं. पासष्ट हजारांचं काम त्यात भरून ठेवलेलं होतं, एक बटण दाबायचं बाकी होतं. शिवशरण त्याच्याकडं बघून मान हलवत होता: सांग, बरोबर म्हणून सांग.

"चूक," गुलाब म्हणाला.

"काय?"

"चूक हाय. नऊ आन नऊ अठराच. माझं मशीन चुकलंय."

बलभीम मामा पुन्हा उभे राहिले. "मंग काटा बी चुकलाय," ते म्हणाले, आणि यावेळी मंडप खरंच उठला.

पुढचा तासभर सभा काट्यावरच चालली. काटा बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावा, असा ठराव झाला. तो अंमलातही आला. फक्त त्या साली काट्यावर ठेवायला ऊस नव्हता, त्यामुळं तपासणीत काटा निर्दोष निघाला.

गर्दी पांगताना आण्णासाहेबांनी निकाल मात्र जाहीर केला. एका मशीनचा मालकच ते चुकीचं आहे म्हणतो, तेव्हा दुसरं चांगलं. शिवशरणच्या पेटीला हार घालून ती ऑफिसात, काचेच्या कपाटात ठेवली गेली. करंट लागेल म्हणून तिचा प्लग काढून टाकला होता. जुनी गोम तिच्यातच राहिली. पुण्याची नवी गोम गुलाब परत द्यायला गेला, तर आण्णासाहेबांचा माणूस म्हणाला, "बिघडल्या मशीनची वस्तू आमाला नको."

अशी गुलाबला बारा महिन्यांची गोम मिळाली. पहिला आठवडा तो मशीनसमोर रोज बसला. दुसऱ्या आठवड्यात त्याला जाणवलं, आता घाई कसलीच नाही, आणि घाई नसली की मशीनला सांगायलाही काही नाही. एक्स्चेंजमध्ये लोक ट्रंक कॉल लावताना म्हणायचे, "गुलाबराव, नंबरात नऊ हाय बरं का. जपून." भिमाबाईच्या माहेरीही बातमी पोचली होती.

"येवढी वर्सं त्या ट्रेला डोकं लावून बसलात," ती म्हणाली, "आन भरल्या सभेत सोताच्याच तोंडानं चुकलं म्हनलात."

"व्हय."

"चुकलं व्हतं का?"

"न्हाय."

तिनं ताट वाढायला घेतलं. मग म्हणाली, "जेवायला बसा."

व्यंकट रविवारी येत राहिला. त्याचं कागदावरचं मशीन दहातही मोजायचं आणि सोळातही. शिवशरण मात्र आला नाही. दिवाळी गेली. खंडोबा नळदुर्गला आला, जत्रा झाली, खंडोबा अणदूरला परत गेला. त्यानंतरच्या एका रविवारी शिवशरण सायकल टेकवून पडवीत येऊन उभा राहिला. व्यंकटनं कागदाची घडी केली.

"तू मला खोट्यात काढलास," शिवशरण म्हणाला.

"तुला न्हाय. माझ्या मशीनला."

"दोन्हीत फरक काय हाय?"

"तेच बघायचं राहिलं," गुलाब म्हणाला.

शिवशरण बसला नाही. "आण्णासाहेबाकडं गेलतो. म्हनलं, साहेब, मशीन रविवारपुरतं द्या. तर म्हनतेत, पाहुने येतेत बघायला, कपाट मोकळं दिसंल."

"मग?"

"मग काय. हार वाळला की नवा घालतेत." तो ट्रेकडं बघत होता. निळ्या, केशरी तारा, माशी बसल्यासारखे डाग, सहा लाल आकडे. "बाबा बी बोलत न्हाईत माझ्याशी. तू चूक म्हनलास त्ये बाबांला लागलंय आन म्या बरोबर म्हनलं त्ये गावाला."

त्या सभेत त्या दोघांकडून एक खरं आणि एक खोटं बोललं गेलं होतं, आणि दोघांपैकी कुणालाही आपल्या वाट्याचं घेऊन सुखानं घरी जाता आलं नव्हतं.

"क्रिस्टल खरंच दीडपट पळतंय का ह्याचं?" शिवशरणनं विचारलं.

"तुझं मशीन शेजारी असल्याबिगर कसं सांगू?"

"चालवून तर दाव."

गुलाबनं बटण दाबलं. आकडे पळू लागले. शिवशरण वाकून बघत राहिला, मनात काहीतरी मोजत. मग त्यानं चपला काढल्या.

"सरक तिकडं," तो म्हणाला.

गुलाब सतरंजीवर थोडा बाजूला सरकला.