उशिरा येणारा बूस्ट आणि वसंतकाकांचे कान

मंडळी, आज दुपारी मी माझ्या मेकॅनिकशी खोटं बोललो. तुम्ही काय केलं असतंत, वाचून सांगा.

माझ्या जुन्या पिकअप ट्रकचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, मागे सायलेन्सरपाशी आहे. बॉनेटखाली जागाच नव्हती, म्हणून माझे मेकॅनिक वसंतकाका यांनी तिथे बसवलेला. तिथून इंजिनपर्यंत लांबलचक पाइप, त्यामुळे बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जोर, जरा उशिराच येतो. पण हल्ली मुंब्रा बायपासच्या चढावर ट्रक अक्षरशः रडायला लागला, म्हणून डोंबिवलीला काकांच्या गॅरेजवर गेलेलो.

बिघाड शोधायला काका मशीन लावत नाहीत, कान लावतात. कंप्रेसरने पाइपात हवा भरली, ट्रकखाली झोपून ऐकलं आणि म्हणाले, "लीक नाहीये रे. टर्बोच गेला."

मला वाटलं, मस्करी करतायत. मागच्या चाकाजवळच्या रबरी जॉइंटमधून फुस्स असा आवाज मला उभ्या उभ्या येत होता!

मी गुपचूप जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं. फेसच फेस.

काका फेसाकडे बघत राहिले. "आवाज येत होता?"

"नाही हो काका. मलाही नाही आला."

त्यांनी जॉइंटवरचा क्लॅम्प आवळला. मी चक्कर मारली, ट्रक मस्त ओढतोय. परत आलो तेव्हा काका पाठमोरे हात धूत होते. माझी गाडी नाक्यावर असतानाच आवाजावरून ओळखणारा माणूस. इंजिन चालूच ठेवून दोन मिनिटं थांबलो.

शेवटी उतरून खांद्यावर हात ठेवला. दचकले.

"अरे, कधी आलास?"