युमीसाठी प्रार्थना

शांतवन त्रिभुवनचा धंदाच मुळी खुसपटं काढण्याचा. हडपसरच्या एका आयटी कंपनीत तो टेस्टिंगला होता. म्हणजे दुसऱ्यांनी खपून बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. अशी सवय चपलेबरोबर दाराबाहेर थोडीच राहते! सोसायटीच्या नोटिशीत तारीख एक आणि वार भलताच आहे, हे त्यालाच आधी दिसायचं. आमटीतला मिठाचा खडा विरघळायच्या आत त्याला लागायचा. "सगळ्या जगाच्या चुका दिसतात, तेवढा आरसा लावायचा राहिलाय घरात," असं त्याची बायको नीरजा म्हणायची. ती मांजरीच्या ऊस संशोधन संस्थेत ग्रंथालय सांभाळायची. दिवसभर तिथे गप्प बसायला लागायचं, त्याची वसुली ती घरी करायची.

या घरात एक रीत होती. शांतवनच्या आजोबांनी ती राहुरीकडच्या गावात घालून दिली आणि ती तिथून पुण्याला, सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जशीच्या तशी आली. संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं आणि धाकट्यापासून थोरल्यापर्यंत प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची, तीही आपापल्या शब्दांत. पाठ केलेली चालायची नाही. निदान नियम तसा होता. शांतवनची प्रार्थना मात्र इतकी ठरीव होती, की खिडकीतल्या कबुतरांनाही ती म्हणता आली असती. "कामधंद्यात यश दे, सर्वांना आरोग्य दे, जे आजारी आहेत त्यांना बरं कर, आमेन."

घरात खरी प्रार्थना करायची ती तबिथा. त्यांची अकरा वर्षांची, सहावीतली पोरगी, पण डोळे मिटले की तिला कशाचीच लाज नसायची. पाण्याचा टँकर आला नाही, बाईंना दिवस गेलेत आणि त्यांना गणिताच्या तासाला मळमळतं, दारामागची पाल गर्भार दिसते, सगळं ती देवाच्या कानावर घालायची. आजी इंदुबाई ते मन लावून ऐकायच्या. नीरजा हसू दाबायची. शांतवन डोळे मिटून ऑफिसात असायचा.

आणि ऑफिसात तरी काय होतं? त्या वर्षी सगळ्या आयटी कंपन्यांत माणसं कमी करायची लाट होती. माणसं करतात ते टेस्टिंग आता मशीनच करणार, असं वरचे लोक हसत हसत सांगायचे. शांतवनचं प्रोजेक्ट बंद झालं आणि तो 'बेंच'वर आला. पगार चालू, पण हाताला काम नाही, आणि दुसरं काम मिळालं नाही तर एक दिवस गोड बोलून घरी पाठवणार. रोज डबा घेऊन, गळ्यात कार्ड अडकवून तो जायचा आणि कँटीनमध्ये बसून यायचा. घरी त्याने अवाक्षर काढलं नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी तबिथा म्हणाली, "प्रभू येशू, युमीचे बाबा बोट घेऊन गेलेत ते अजून आले नाहीत. ती जिन्यावरून पडली आणि आता हॉस्पिटलमध्ये आहे. तिच्याजवळ कोणीच नाहीये. तिला एकटं वाटू देऊ नकोस. तुझ्या नावाने मागते, आमेन."

"आमेन," शांतवन म्हणाला.

इंदुबाईंच्या काळजात मात्र चर्र झालं. युमी कोण, हे त्यांनी विचारलं नाही, कारण विचारायचं कारणच नव्हतं. त्यांच्या चर्चमध्ये मिझोरामकडची बरीच मुलंमुली यायची, कोणी शिकायला, कोणी कॉल सेंटरला. त्यांची हाक मारायची नावं अशीच छोटी आणि गोड असत. त्यांच्यातल्याच कोणाची तरी बहीण असणार, तबिथाच्या शाळेतली. पोरीने प्रार्थनेत नाव घेतलं म्हणजे माणूस खरंच असणार. त्या घरात देवासमोर कोणी खोटं बोललं नव्हतं.

रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाचे काही प्रार्थनेचे विषय?" लहान मुलं तेव्हा मागच्या खोलीत संडे स्कूलला होती. इंदुबाई पदर सावरून उभ्या राहिल्या आणि युमीची सगळी कहाणी त्यांनी अशी सांगितली, की पुढच्या बाकावरच्या बायकांनी रुमाल काढले. पाळकसाहेबांनी त्या परमुलखातल्या लेकरासाठी लांबलचक आणि अतिशय सुंदर प्रार्थना केली. दीडशे माणसं एका आवाजात आमेन म्हणाली. शांतवनही म्हणाला. आपली आई कोणाबद्दल बोलते आहे, असा एक प्रश्न त्याच्या मनात येऊन गेला, पण तो कँटीनच्या विचारात विरून गेला.

उपासना सुटल्यावर इंदुबाईंभोवती घोळका जमला. महिला मंडळाने सूप न्यायचं ठरवून टाकलं. मिझोरामची मुलं म्हणाली, रक्त लागलं तर आम्ही आहोत, हॉस्पिटल कुठलं तेवढं सांगा. तेवढ्यात हातातलं बिस्कीट खात तबिथा बाहेर आली. एका मावशीने तिला जवळ ओढलं. "बाळा, आता युमी कशी आहे गं?"

तबिथाचा चेहरा उजळला. "मावशी, तुम्ही पण बघता?"

"काय बघता?"

"अ‍ॅनिमे! ते जपानी कार्टून. पुढच्या एपिसोडमध्ये कळेल तिचं. तो शुक्रवारी येतो."

चर्चच्या अंगणात सुपाची बोलणी जागीच थांबली. मग मिझोरामचा एक मुलगा फिसकन हसला आणि बांधच फुटला. महिला मंडळ हसलं, पाळकसाहेब चष्मा काढून हसले. चर्चचे ज्येष्ठ पंच, निवृत्त मुख्याध्यापक रामदास साळवे तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "छान. पुढच्या रविवारी कोणत्या कार्टूनसाठी उपास धरायचा, ते आधी कळवत चला." आणि शांतवनला बाजूला घेऊन म्हणाले, "त्रिभुवन, त्या जपानी चित्रांत भुतं असतात, आत्मे असतात, देवळं असतात. मुलगी काय बघते, याची आपल्याला कल्पना आहे का?"

कल्पना नव्हती. सगळ्या जगाच्या चुका शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलीच्या टॅबमध्ये काय चालतं हे माहीत नव्हतं, आणि ते दीडशे माणसांसमोर कळलं होतं. शांतवनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घरी पोचताच त्याने वायफायचा पासवर्ड बदलला.

"आधी बघा तरी काय आहे ते," नीरजा म्हणाली.

"मी टेस्ट करेपर्यंत बंद," तो म्हणाला.

इंदुबाई कोपऱ्यात बसून म्हणत होत्या, "पन मला काय ठाव, ती पोरगी चित्रातली हाय म्हणून!" तबिथाने टॅब बंद करून ठेवला. रडलीसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी सतरंजीवर सगळे बसले. तबिथाने डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली, "सर्वांना आरोग्य दे, जे आजारी आहेत त्यांना बरं कर, आमेन."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. टँकर नाही, बाई नाहीत, पाल नाही. चौथ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता नीरजा म्हणाली, "अभिनंदन. पोरगी अगदी तुमच्यावर गेली."

हे शांतवनला झोंबलं. आपली लेक आता आपल्याला आणि देवालाही वरवरचंच सांगणार, आणि एकदा लागलेली ही सवय सुटायची नाही, हे त्याला स्वतःवरून पक्कं ठाऊक होतं. तिचा तो घडाघडा बोलणारा आवाज गेला तर या घरात उरणार काय? पण ही चूक कुठे दुरुस्त करायची ते कळेना. मग त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. शनिवारी हॉलमधल्या टीव्हीला टॅब जोडला आणि म्हणाला, "चल, दाखव तुझी युमी. पहिल्यापासून."

पहिल्या अर्ध्या तासात त्याने इतक्या वेळा थांबवलं, की नीरजाने रिमोट काढून घेतला. समुद्रातून एक पांढरा आत्मा वर आला तेव्हा तो म्हणाला, "हा कोण? हिने याला नमस्कार का केला?"

"बाबा, नमस्कार नाही, ते लोक 'थँक यू' म्हणताना वाकतात. आणि तो देव नाहीये. त्याला स्वतःचंच नाव आठवत नाही. देवाला असं होईल का?"

शास्त्र म्हणून हे बरोबर होतं. दीपगृह सांभाळणारी ती एकटी पोर युमी, रोज अंधार पडला की एवढे जिने चढून दिवा लावते, का तर बाबांना वाट दिसावी म्हणून. हॉस्पिटलचा भाग आला तोवर इंदुबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "म्या काय खोटी प्रार्थना सांगितली का मग?" शांतवनलाही डोळे पुसायचे होते, पण टेस्टरने असं दाखवायचं नसतं.

"सगळी अशीच असतात का?" नीरजाने विचारलं.

"नाही. एक होती, त्यात नुसती मुंडकी उडवतात आणि मुलींचे कपडे घाण असतात. वर्गातली सगळी बघतात. मी बंद केली."

"कधी?"

"दिवाळीच्या सुट्टीत. तुम्ही कोणी विचारलं नाही ना, म्हणून सांगितलं नाही."

ज्या गोष्टीवर खल करायला आईबाप बसले होते, तिचा अर्धा निकाल पोरीने कधीच लावून टाकला होता. मग ठरलं ते असं: नवीन काही असलं तर आधी शनिवारी हॉलमध्ये, सगळ्यांबरोबर. पटलं तर चालू, नाही पटलं तर का ते सांगून बंद. नवा पासवर्ड नीरजाने तिथल्या तिथे सांगून टाकला. साळवे सरांना काय सांगायचं ते शांतवन बघेल.

सगळं कसं छान जमलं होतं. आणि संध्याकाळी तबिथा पुन्हा म्हणाली, "सर्वांना आरोग्य दे, आमेन."

प्रार्थना संपल्यावर शांतवन तिला गॅलरीत घेऊन गेला. "आता तर सगळं मोकळं झालं ना गं? मग अशी का करतेस?"

तबिथा गजांशी चाळा करत म्हणाली, "मी सांगते ते आजी सगळ्यांना सांगते. सगळे हसतात. आणि तुम्ही तर ऐकतच नाही."

"ऐकतो की."

"युमी कोण, असं तुम्ही विचारलंच नाही. नुसतं आमेन म्हणालात."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतकी नेमकी चूक कोणी त्याच्या पदरात घातली नव्हती. त्याने नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सतरंजी. तबिथाचं आरोग्य आणि आमेन झालं. नीरजाची झाली. शांतवनची पाळी आली आणि तो थांबला. एवढा वेळ थांबला की इंदुबाईंनी एक डोळा उघडून बघितलं.

"प्रभो," तो म्हणाला, आणि आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "मला ऑफिसात काम नाही. दीड महिना झाला. मी कँटीनमध्ये बसून घरी येतो. मला फार भीती वाटते. नीरजाला सांगायची लाज वाटली. तबिथा बोलत असते तेव्हा मी तिथेच असतो, मनाने, कँटीनमध्ये. मला क्षमा कर. मला इथे बसता येऊ दे." आमेन म्हणायचं राहून गेलं.

नीरजाचा हात येऊन त्याच्या हातावर पडला. इंदुबाईंची पाळी होती, पण त्यांच्याआधीच एक बारीक आवाज आला.

"आजी, थांब. माझी थोडी राहिली." तबिथाने डोळे गच्च मिटले होते. "प्रभू येशू, बाबांना काम नाहीये हे तू ऐकलंसच. त्यांना दुसरं दे, पण त्यांना आवडेल असं दे. त्यांना चुका शोधायला आवडतात. कँटीनमध्ये एकटे बसतात तेव्हा कोणीतरी शेजारी येऊन बसू दे. त्यांच्या बॉसला चांगली झोप लागू दे, म्हणजे तो चिडणार नाही. आणि आईने त्यांना रागावू नये, रागावलीच तर थोडंच…"

कुकर मघाशीच थंड झाला होता. पोरगी थांबायचं नाव घेत नव्हती, आणि शांतवन एकेक शब्द ऐकत होता.

शेवटी आमेन झालं. इंदुबाईंनी डोळे पुसले, घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा आधी परवानगी मागितली. "हे रविवारी सांगू का रं? का घरातच ठेवू?"

तबिथाने बापाकडे पाहिलं. साळवे सरांचा चेहरा शांतवनच्या डोळ्यांपुढून गेला, त्या दीडशे माणसांचेही गेले.

"सांग आई," तो म्हणाला. "नाव घेऊन सांग."