हात जोडणारा फॉरवर्ड

मयुरेश आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आला तेव्हा पहिलं भांडण झालं ते खोक्यांवरून. सामान लावून झालं तरी खोकी काही हलेनात. टीव्हीचं खोकं, मिक्सरचं, भांड्यांची चार, पुस्तकांची दोन. सगळी नीट मिटवून, सुतळीने बांधून त्याने आमच्या जिन्याखाली उभी केली. ती जागा माझ्या कुंड्यांची. इथे चंदीगडच्या मनीमाजऱ्यात जानेवारीची थंडी काय असते ते ज्यांनी सोसलंय त्यांनाच ठाऊक. तेव्हा कढीपत्ता आणि जास्वंद आत घेतली नाही तर फेब्रुवारीत नुसत्या काटक्या उरतात. मी आयुष्यभर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवलं. माझ्या कुंड्यांपुढे मी कुणाची भीड ठेवत नाही.

"ही खोकी कबाडीवाल्याला द्या," मी म्हटलं.

"राहू देत की काकू," तो म्हणाला. "लागतात ओ."

त्याच्या बोलण्यातला तो कोल्हापुरी 'की' ऐकला आणि मी तेवढ्यापुरता विषय सोडला. चंदीगडमध्ये छत्तीस वर्षं काढल्यावर माणूस अशा 'की'ला विकला जातो. आम्ही मूळ नाशिकचे. माझे यजमान गुरुनाथ इथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत डॉक्टर होते, निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. मराठी भाडेकरू मिळतोय म्हटल्यावर त्यांनी त्याला काही विचारलंच नाही. त्यामुळे तो व्यवसायाने फुटबॉलपटू आहे हे मला तो आल्यानंतर आठवड्याने कळलं.

फुटबॉलपटू म्हणजे रंगवलेले केस आणि मोठी गाडी अशी माझी समजूत. हा तेहतिशीचा, कपाळ मोठं होत चाललेला, सकाळी पिशवी घेऊन बाजारात जाणारा गृहस्थ. पहिल्याच महिन्यात तो भाजीवाल्याशी पंजाबीत घासाघीस करायला लागला होता. ही त्याची खोड होती. कुठेही गेलं की आधी तिथल्या स्वयंपाक्याशी दोस्ती करायची, मग भाषा आपोआप येते, असं म्हणायचा. सतराव्या वर्षी कोल्हापूरच्या पेठेतून उचलून त्याला गोव्याच्या क्लबने नेलं. तिथून कोलकाता, शिलाँग, परत गोवा, केरळ, बंगळूर, ऐजॉल, श्रीनगर. मध्येच एक मोसम भूतानमध्ये. आता चंदीगड. एखाद्या बँकेच्या साहेबाचीसुद्धा एवढ्या वेळा बदली होत नाही.

आणि प्रत्येक बदलीत बायको मागोमाग. देवयानी नर्स आहे, तीही कोल्हापूरची. मयुरेश फॉरवर्ड, म्हणजे गोल मारणाऱ्यांपैकी. त्याचा करार कधी एका मोसमाचा, कधी दोन. तेवढ्यात हिने नवं गाव, नवं हॉस्पिटल धरायचं. "काकू, मी कायम नवीनच," ती मला एकदा हसत म्हणाली होती. "आणि नाईट ड्युट्या नवीन नर्सला देतात." त्यांची मुलगी स्वराली नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत, आणि आता त्यावर पंजाबीची फोडणी. तिची ही चौथी शाळा.

गुरुनाथना फुटबॉलचं वेड, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी भाडेकरूचं कौतुक म्हणून मी सेक्टर सतराच्या मैदानावर त्याची मॅच बघायला गेले. सत्तराव्या मिनिटाला मयुरेशने गोल मारला. ढोल दणाणला, पोरं नाचायला लागली, मीही उठून टाळ्या पिटल्या. आणि हा गृहस्थ काय करतो? समोरच्या संघाकडे वळून हात जोडतो आणि मान खाली घालून मधल्या रेषेकडे चालू लागतो. लग्नात जेवायला बोलावलं आणि पंगतीतून उठून निघून गेला, असं वाटलं मला. चांगलाच राग आला.

घरी आल्यावर विचारलं, "एवढा गोल मारलास, तर हसायला काय झालं होतं?"

"शिलाँगचा संघ होता काकू. दोन वर्षं खेळलोय तिथं."

"मग?"

"ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्या दारात फटाके कशाला उडवायचे?"

फुटबॉलमध्ये ही रीतच आहे, गुरुनाथनी सांगितलं. जुन्या क्लबावर गोल मारला तर आनंद दाखवायचा नाही. ठीक, म्हटलं, चांगली रीत आहे. पुढच्या मॅचला पुन्हा गेलो. पुन्हा गोल, पुन्हा हात जोडले. "इथेही होतास?" "होय की. सहा महिने." तिसऱ्या वेळी मी विचारलंच नाही. लीगमधल्या जवळजवळ प्रत्येक संघाचं मीठ त्याच्या पोटात होतं. माणूस एवढ्या ठिकाणी राहिला होता की आनंद करायला त्याला जागाच उरली नव्हती. पेपरवाले त्याला थंड म्हणायचे. मला आता ते ऐकून संताप यायचा, पण तो शांतपणे पेपर घडी करून ठेवायचा.

तो इतका कडक का, हे देवयानीने सांगितलं. सोळाव्या वर्षी कोल्हापुरात त्याने मामाच्या पेठेविरुद्ध गोल मारला आणि मैदानभर नाचला. कोल्हापुरात पेठेचा फुटबॉल म्हणजे काय ते सांगायला नको. त्या वर्षी मामा भाऊबीजेला आला नाही. आई ताट मांडून बसून राहिली. "तेव्हापासून ह्यांनी धसकाच घेतलाय," देवयानी म्हणाली.

दुसऱ्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एक, देवयानीला गुरुनाथांच्याच वैद्यकीय संस्थेत कायमची नोकरी लागली. पेढे घेऊन आली तेव्हा डबा माझ्या हातात ठेवून तिने मला मिठीच मारली. दुसरी, लीगमध्ये जोधपूरचा एक नवाकोरा संघ आला. स्वरालीने वेळापत्रक पाहिलं आणि वरून धाडधाड जिना उतरत आमच्याकडे आली.

"नानी, जोधपुर में पप्पा कभी नहीं खेले!"

ती मला नानी म्हणायची. तिने बापाकडून वचन घेतलं की जोधपूरवर गोल मारला तर भांगडा करायचा. शाळेत ती भांगडा शिकत होती. मग महिनाभर रोज संध्याकाळी आमच्या छतावर धपाधप सुरू. लाखो लोकांसमोर खेळलेला तो माणूस भांगड्यात अगदीच ढ होता. डावा पाय टाकायचा तिथे उजवा. "पप्पा, लेफ्ट पहले!" हे वाक्य मला झोपेतही ऐकू यायचं. छताचा गिलावा निघेल म्हणून मी एकदा वर जाऊन ओरडणार होते. दारातून तिघांचं हसणं ऐकलं आणि तशीच खाली आले.

जोधपूरची मॅच मोसमातली शेवटची, रविवारी होती. त्याच्या आधीच्या बुधवारी देवयानी कढीपत्ता न्यायला आली आणि पानं खुडता खुडता म्हणाली, "ह्यांचा इथला करार संपला काकू. क्लब पुढं ठेवणार नाही."

"मग आता?"

"जोधपूरवाल्यांनी बोलावलंय. दोन वर्षांसाठी. सोमवारपर्यंत सांगायचंय." कढीपत्त्याची फांदी पार बोडकी झाली तरी तिचा हात थांबेना आणि मीही तिला थांबवलं नाही. "ह्या वेळी मी जाणार नाही. स्वरालीपण नाही. सांगितलंय ह्यांना. भांडण नाही काही. खेळू नका असंही मी म्हणणार नाही. चौतिसाव्या वर्षी कोण विचारतं हो फॉरवर्डला? पण मी आता कुठं नवीन होणार नाही."

मला दोघांचीही दया आली. त्याला सोळा वर्षं दुसरं काही येत नव्हतं, आणि तिला आता नवी गावं पुरे झाली होती. गुरुनाथना सांगितलं तर ते म्हणाले, आपण मध्ये पडायचं नाही. मध्ये न पडणं मला कधीच जमलेलं नाही, पण त्या वेळी मी जिभेला आवर घातला.

त्या संध्याकाळी छतावर धपधप झाली नाही. थोड्या वेळाने जिन्यात बापलेकीचा आवाज आला. दोघं खोक्यांशेजारच्या पायरीवर बसली होती.

"पप्पा, आप उनकी टीम में जाओगे तो उनपे गोल करके डांस नहीं करोगे ना?"

"नाही बाळा," मयुरेश म्हणाला. "तसं बरं दिसत नाही."

"मतलब डांस किया तो आप नहीं जा रहे. और हाथ जोड़े तो जा रहे हो."

एवढ्याशा पोरीने सगळा हिशेब मांडला होता. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "अजून ठरलं नाही बघ," म्हणाला. मला वाटलं, खरंच ठरलं नसेल त्याचं. त्याचा आवाजच तसा होता.

रविवारी आम्ही चौघं गेलो. देवयानी ड्युटी बदलून आली होती. स्वरालीने पहिल्या रांगेत कठड्यापाशी जागा धरली. पहिला अर्धा खेळ मयुरेश बाहेरच बसून होता. तेवढ्यात जोधपूरने एक गोल मारला. दुसऱ्या अर्ध्यात त्याला आत घेतलं. मला फुटबॉल कळत नाही, पण मयुरेश कळायला लागला होता. धावण्यात आता तरणी पोरं त्याला मागे टाकत होती. तरीही चेंडू कुठे पडणार हे तो आधीच ओळखून तिथे जाऊन उभा राहायचा, आणि तो तिथेच पडायचा.

शेवटच्या पाच मिनिटांत तसाच एक चेंडू त्याच्या डाव्या पायावर आला. समोर गोलकीपर एकटा. सगळं मैदान उठून उभं राहिलं. स्वरालीने दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. देवयानीने डोळे मिटून घेतले. त्याने मारला. चेंडू खांबाला लागला, खाडकन आवाज झाला आणि बाहेर गेला.

मग शिट्टी झाली. एक शून्य, हरलो. लोक पाय ओढत दरवाजाकडे निघाले. गोल झालाच नाही, तेव्हा पोरीला उत्तरही मिळालं नाही. ती कठड्याला चिकटून तशीच उभी होती, तिचं तोंड बघवेना.

मैदानात मयुरेश जोधपूरच्या एकेका खेळाडूशी हात मिळवत होता. त्यांचे मॅनेजर आले, त्याच्या खांद्यावर हात टाकून काही बोलले. मयुरेशने ऐकून घेतलं आणि त्यांच्यासमोर दोन्ही हात जोडले.

हात जोडले, म्हणजे हा चालला, असंच मला वाटलं. देवयानीनेही ते पाहिलं. तिने ओढणी सारखी करून पर्स खांद्याला लावली, निघायची तयारी करतात तशी.

पण तो आत जायच्या बोगद्याकडे वळला नाही. सरळ आमच्या बाजूला चालत आला. कठड्यापासून दहाएक पावलांवर थांबला, वर स्वरालीकडे पाहिलं, दोन्ही हात उंच केले आणि भांगडा करायला लागला. हरलेल्या मॅचनंतर, न झालेल्या गोलाचा, भर मैदानात एकटा. नेहमीसारखाच चुकत होता.

जाणारे लोक थांबले. कुणी हसलं, कुणी शिट्टी मारली. पायरीवर एक म्हातारे सरदारजी ढोल खोळीत घालत होते. त्यांनी खाली पाहिलं, खोळ काढून बाजूला टाकली. "बंदा नचदा होवे ते ढोल चुप किद्दां रहे?" माणूस नाचतोय तर ढोल गप्प कसा राहील, असं शेजाऱ्याला म्हणून त्यांनी टिपरी उचलली.

"पप्पा!" स्वराली किंचाळली. "लेफ्ट पहले! लेफ्ट!"

त्याने पाय बदलला. मग तो हसला. दोन वर्षांत मी त्याला मैदानावर हसताना पाहिलं नव्हतं. देवयानी पुन्हा खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझेही डोळे वाहत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंड्यांना पाणी घालत होते. जिन्याखाली सुतळी तुटल्याचा आवाज आला. मयुरेशने कबाडीवाल्याला बोलावलं होतं आणि तो स्वतः एकेक खोकं त्याच्या रिक्षात ठेवत होता. ज्या खोक्यांवरून मी दोन वर्षं भांडले, ती जाताना मी पाण्याची झारी हातात धरून बघत राहिले. कबाडीवाल्याने टीव्हीचं खोकं उलटसुलट करून पाहिलं. आत थर्माकोल जसाच्या तसा होता.

"भाईसाब, ये तो रख लो. शिफ्टिंग में काम आता है."

"ले जा," मयुरेश म्हणाला. "शिफ्टिंग नहीं करनी."

वर देवयानी दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं. चहा संपवला आणि कप ठेवायला आत गेली. तिची दिवसाची ड्युटी होती.