खुरावरचा नंबर

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत चोर पाहिले, डाकू पाहिले, सख्ख्या भावाच्या डोक्यात फावडं घालणारेही पाहिले. त्यांच्यातल्या बहुतेकांबद्दल आता मनात काही उरलेलं नाही. या एका माणसाबद्दल आहे. नाव मी कुणाचंच घेणार नाही, कारण त्याची मुलंबाळं इंदूरातच आहेत आणि भली माणसं आहेत.

मध्यभारत राज्याचे दिवस होते. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला आणि पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर बसलेली आमची मराठी घरं एकदम पायउतार झाली. कुणी शाळेत मास्तर झाला, कुणी कचेरीत चिकटला. रिसाल्यातला एक बडा अफसर मात्र हुशार निघाला. त्याला सगळे मेजरसाहेब म्हणत, मीही तेच म्हणतो. त्याने हातोदच्या पलीकडे भरपूर जमीन विकत घेतली. तिच्यावर संस्थानी काळातली एक पागा उभी होती. दगडी भिंती, घोडे बांधायची ओळीने ठाणं, बारमाही विहीर आणि मागे गवताचं मोठं बीड, म्हणजे कुरण. मेजरसाहेबांनी शेती केली नाही, ठाणं भाड्याने द्यायला काढली.

गिऱ्हाईक तयारच होतं. आषाढात देव झोपले की लग्नं बंद. थेट देवउठनी ग्यारसपर्यंत, म्हणजे कार्तिकी एकादशीपर्यंत, वरातीच्या घोडीला काम नाही, पोट मात्र रोज आहे. इंदूरच्या मल्हारगंजातल्या गल्लीबोळात गवत कुठून आणणार? म्हणून घोडीवाले चार महिने आपापली घोडी या पागेत ठेवू लागले. धंदा चांगला होता, हे मी आजही म्हणतो. मालकाची नियत चांगली असती तर लोकांनी दुवा दिला असता.

मेजरसाहेबांनी सगळा कारभार रिसाल्याच्या शिस्तीने चालवला. पहाटे खरारा, ठरल्या वेळी पाणी. रिसाल्याची आणखी एक रीत होती. घोडा आला की त्याच्या पुढच्या उजव्या खुरावर तापल्या लोखंडाने नंबर डागायचा. जनावराला त्याने दुखत नाही, खूर म्हणजे नखच. घोडा मेला की तो नंबराचा खूर कापून कचेरीत हजर करायचा, तेव्हाच घोडा मेला असं धरलं जाई. ही रीत त्यांनी पागेतही ठेवली. कुणाची घोडी दगावली तर नंबराचा खूर मालकाच्या हातात. लोकांना केवढं कौतुक त्याचं. "अफसर माणूस, हिसाब चोख," असं जो तो म्हणायचा.

मी तेव्हा हातोदला ठाणेदार होतो. दसरा उलटून गेला होता. सकाळची हजेरी घेऊन मी बसलो होतो, मुन्शी रोजनामचा लिहीत होता, तेवढ्यात मल्हारगंजच्या एका बँडमधला क्लॅरिनेट वाजवणारा दारात येऊन उभा राहिला.

"रपट नाही लिहवायची, साहेब. बस, एक बात कानावर घालायची होती."

"बोल."

"परवा रतलामला जुलूस होता. टेसनबाहेर आम्ही बाजा सुरू केला, तर एका तांग्याची पांढरी घोडी जुंपल्या जुंपल्या नाचायला लागली. सवारी ओरडायली, तांगेवाला चाबूक मारायला, आणि ती आपली ठेक्यावर पाय टाकतेय. तसे पाय टाकणारी एकच घोडी आहे, साहेब. आपल्या वहिनींची."

"मग?"

"मग काय, ती तर मेली ना. मेजरसाहेबांनी खूर आणून दिला वहिनींना."

ही वहिनी म्हणजे रिसाल्यातल्या एका स्वाराची विधवा. रिसाला मोडताना घोडे विकले गेले, तेव्हा तिच्या नवऱ्याने एक घोडी घेतली, तिला बाजावर नाचायला शिकवलं आणि वरातीचा धंदा धरला. दोन वर्षांत तो वारला. घरात म्हातारी सासू आणि दोन लेकरं. बाईने पदर खोचला आणि लगाम धरून स्वतः वरातीपुढे चालायला लागली. आमच्या लोकांत फार कुजबूज झाली. कुजबुजणाऱ्यांपैकी एकानेही तिच्या घरी शेरभर ज्वारी पाठवली नाही, हेही लिहून ठेवतो.

मी साध्या कपड्यांत मल्हारगंजला गेलो. तांब्या-पितळेच्या दुकानामागे तिची एक खोली होती. घोडीचा विषय काढताच तिने पदराने डोळे टिपले.

"पोटात शूळ उठला म्हणे, भाऊसाहेब. पितृपक्षात गेली. मेजरसाहेब स्वतः आले होते, मोटारीतून. रेशमी रुमालात खूर बांधून आणला होता."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? पाया पडले. आमच्या ह्यांचे अफसर, एवढा मोठा माणूस माझ्या दारी आला. ते बहुत नाराज होते. म्हणाले, घोडी तुझ्याकडूनच बीमार आली, तू छुपवलंस, माझी पागा खराब होता होता वाचली. चार लोकांसमोर बोलले. मी माफी मागितली."

"घोडी आजारी होती?"

"नाही हो. धडधाकट होती. पण ते बोलले म्हणजे असेल, असं वाटलं मला. आता ग्यारस आली तोंडावर. दुसऱ्याची घोडी चालवायला मागितली, तर लोक म्हणतात, हिच्या हाताला रोग आहे. कोणी दारात उभं करत नाही."

मला काय वाटलं ते सांगतो. त्याने तिची घोडी नेली असेल, तर तो चोर. पण चोराने दारी यावं, पाया पडून घ्यावं आणि वर तिच्याकडूनच माफी वसूल करावी? असला हरामखोरपणा मी तोवर पाहिला नव्हता. खूर तिने देवघरात खंडोबाच्या टाकापाशी ठेवला होता. मी पावती लिहून दिली आणि तो ताब्यात घेतला.

आमच्या वरिष्ठांच्या कानावर घातलं तर ते उखडलेच. "बँडवाल्याच्या सांगण्यावरून मेजरसाहेबांच्या दारी जाणार तू? पांढऱ्या घोड्या काय कमी आहेत दुनियेत? त्यांच्या मोतद्दाराला उचल, दोन ठेवून दे, काय ते निघेल."

मोतद्दार म्हणजे पागेतला घोड्यांची चाकरी करणारा गडी. गरिबाला दोन ठेवून दिल्या की काहीही निघतं, हवं ते निघतं. मी हो म्हणालो आणि मोतद्दाराला न उचलता सरळ मालकाचं बयान घ्यायला गेलो.

मेजरसाहेब आरामखुर्चीत बसले होते. चहा मागवला. मी मुन्शीला कागद काढायला सांगितलं आणि अगदी नवशिक्यासारखं विचारलं, नंबराची पद्धत काय असते. स्वारी खुलली.

"घोडी आली त्याच दिवशी डागतो. माझ्या हाताने. केसांच्या लगेच खाली, म्हणजे खूर झिजला तरी नंबर टिकतो."

"पुन्हा कधी डागावा लागतो का?"

"चार महिन्यांत पुन्हा कशाला? एकदाच. रिसाल्याचं काम असतं ते, ठाणेदार. तुम्हाला नाही समजायचं."

मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, त्यांची सही घेतली. मग दोन पंचांना घेऊन पागेत शिरलो.

मल्हारगंजच्या सगळ्या घोड्या आषाढातल्या एकाच आठवड्यात आल्या होत्या. मी एकेकीचा पुढचा उजवा पाय बघत गेलो. दारात बोट चेमटलं की नखावर काळा डाग पडतो आणि नख वाढेल तसा पुढे सरकतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खुराचंही तेच. एकूण एक जिवंत घोडीचा नंबर केसांपासून चांगला खाली उतरला होता, खुराच्या मध्यापर्यंत. मग मी पिशवीतून बाईचा खूर काढला. आषाढात डागलेली, पितृपक्षात मेलेली घोडी. नंबर बोटभर तरी उतरायला हवा. तो केसांच्या कडेला चिकटून होता, जागचा हलला नव्हता. वाढायला तो खूर जिवंतच नव्हता. दुसऱ्याच कुठल्या मेलेल्या जनावराचा खूर, त्यावर मागाहून नंबर डागलेला.

पंचांनाही ते दिसलं. मेजरसाहेबांना तर सगळ्यांच्या आधी दिसलं. मग जे बोलले ते ऐकून माझे कान तापले.

"रिसाल्याच्या स्वाराची बायको भर बाजारात घोडी धरून नाचवते. लाज वाटत होती आम्हाला. तिच्या दारात शोभत होतं का ते जनावर? सुटली ती त्या धंद्यातून."

"आणि रतलामच्या तांग्याला शोभतं?" मी विचारलं. आपल्या इभ्रतीची एवढी चाड होती, तर त्या विधवेला चार पोती धान्य पाठवायचं होतं. घोडी विकून पैसा खिशात घालताना ही इभ्रत कुठे गेली होती?

मग मोतद्दार आपणहून पुढे आला. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकतात, तिथून साहेबांनी घोड्यांचे खूर आणवले होते, पांढऱ्या घोडीसाठी पांढऱ्या नखाचा मुद्दाम शोधायला लावला होता. अशा आणखीही घोड्या दलालामार्फत बाहेर गेल्या होत्या. मी अमानतीत खयानत, म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या मालाचा अपहार, आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. त्याच संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. पहिला प्रश्न, "त्यांना खुर्ची दिलीस ना बसायला?"

ती बाई बयान द्यायला आली तेव्हा ठाण्याच्या ओसरीवर जमिनीवर बसली होती. तिला खुर्ची दिली का, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दिली.

शिपाई रतलामहून घोडी घेऊन आला. खुरावरचा नंबर कानशीने घासून काढला होता, दोन्ही खांदे तांग्याच्या पट्ट्याने सोलवटले होते. मुद्देमाल म्हणून चार दिवस ठाण्यात बांधली, मग कोर्टाच्या हुकमाने बाईच्या सुपुर्दगीत दिली. मला वाटलं होतं, ती मेजरला शिव्या देईल. तिने घोडीच्या खांद्यांवर हळद-तेल लावलं आणि मला विचारलं, "भाऊसाहेब, माझ्या हाताला रोग नाही, हे आता लोकांना कोण सांगणार?"

मी सांगतो म्हणालो. वर्दी चढवून मल्हारगंजच्या तोंडापासून तिच्या दारापर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेलो. लगाम तिच्या हातात. जो कुणी ओट्यावर उभा राहून बघत होता, त्याला थांबून सांगितलं की घोडी निरोगी आहे, बाई खरी आहे, खोटा कोण होता ते ठाण्यात येऊन विचारा. ग्यारसनंतरच्या पहिल्याच मुहूर्ताला तिला वरात मिळाली. खांद्यावर झूल टाकली की जखमा दिसत नव्हत्या.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली आणि पुढे सगळ्या नोकरीत ती कामाला आली. आपण न मागता जो पुरावा हातावर आणून ठेवतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघावं. खरा माणूस पुरावा शोधत बसतो, गडबडतो, विसरतो. रेशमी रुमालात बांधून आणणाऱ्याला सवड मिळालेली असते.

गोष्ट इथे संपली असती तर माझा राग कधीच निवला असता. पण बातमी पसरली आणि ठाण्यावर घोडीवाले यायला लागले. देपालपूरकडून, महूकडून, प्रत्येकाच्या हातात फडक्यात गुंडाळलेला एक खूर. आमचीही जिवंत असेल, साहेब, बघा ना. मी एकेक बघत होतो. दोघांचे नंबर न हललेले निघाले. त्यांच्या घोड्या शोधायला मी माणसं पाठवली, त्यातली एक सापडली.

एक म्हातारा सगळ्यांच्या शेवटी आला. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं त्याच्या. घोडी परत नेण्यासाठी नवा दोरही खांद्यावर टाकून आणला होता. मी फडकं सोडलं. नंबर खाली उतरला होता, खुराच्या मध्यापर्यंत, जिवंत घोडीचा उतरतो तसा. म्हणजे ही घोडी पागेत होती, वाढत होती आणि आजारपणाने खरोखरच मेली होती. मेजरने दिलेल्या खुरांतला हा खरा होता.

"उतरलाय, बाबा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्याला कळायला जरा वेळ लागला. "तो वा साँची मरी गी?"

हो, खरंच मेली, अशी मी मान हलवली. त्याने खूर पुन्हा फडक्यात बांधला, गाठ नीट मारली.

"एक बार तो रोई लियो थो, साब," एवढंच म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

मेजरला शिक्षा झाली, ती विकलेल्या घोड्यांची झाली. त्या म्हाताऱ्याला मेलेल्या घोडीसाठी दुसऱ्यांदा रडवलं, त्याचं कलम आमच्या कायद्यात नव्हतं. मी ते सगळं पुस्तक चाळून पाहिलं होतं.